कोंडवाड्यातले नऊ नग

रेणुकादास कंधारकरांसारखा लेखापाल वडसंगी नगरपरिषदेला पुन्हा मिळणार नाही. आणि मिळालाच, तरी नऊ धडधाकट माणसं कोंडवाड्यात घालून तो कोंडवाडा फायद्यात आणणं त्याला जमणार नाही.

एकतीस वर्षांच्या नोकरीत रेणुकादासांच्या टेबलावर लेखापरीक्षणाचा एकही आक्षेप निघाला नव्हता. परीक्षक यायचे, चहा प्यायचे, चष्मा कपाळावर नेऊन वह्या उलट्यासुलट्या करायचे आणि शेवटी हार मानल्यासारखा एकच शब्द लिहून जायचे : ‘निरंक’. त्यातला एक कागद रेणुकादासांनी घरी बैठकीत फ्रेम करून लावला होता. बाजूला गणपती होता, पण उदबत्ती कोणाला दाखवतात ते नीट कळायचं नाही. येत्या एकतीस मार्चला ते निवृत्त होणार होते. तेवढे दिवस कोरे गेले की डाग न पडलेलं धोतर घडी घालून ठेवावं तशी नोकरी घडी घालून ठेवायची, एवढीच त्यांची इच्छा होती.

खांद्याला त्यांची एक कापडी पिशवी असायची. तिच्यात स्वतःच्या आयुष्याच्या साक्षांकित प्रती : जन्मदाखला, रेशनकार्ड, नळपट्टीची पावती, आणि गावाकडच्या अकरा गुंठे जमिनीचा सातबारा. त्या अकरा गुंठ्यांत बाजरीचं एक कणीस कधी कोणी पाहिलं नव्हतं. पिकाच्या रकान्यात वर्षानुवर्षं ‘पड’ असंच लिहून यायचं. स्वतःच सही करून प्रत खरी करायची नवी सवलत आली, तरी रेणुकादास दर जानेवारीला मुख्याध्यापकांची सही आणि गोल शिक्का आणत.

“भाऊसाब,” शेजारच्या गुणाबाई कुंपणावरून विचारायच्या, “त्या धोंड्याचा कागद रोज कचेरीत नेता, त्याला काय हवापालट पायजे का?”

“गुणाबाई, कागद कधी लागेल सांगता येत नाही.”

“सरणावर लागंल. फाईल आणा म्हनंल यम.”

तर अशा माणसाच्या टेबलावर ऑगस्टात बेसबॉल येऊन पडला.

त्याचं असं झालं. जिल्हा परिषद शाळेतले खेळाचे मास्तर मन्मथ सर यांनी गावातली नऊ पोरं जमवून बेसबॉलचा संघ उभा केला होता. बेसबॉलच का? तर कबड्डीला गर्दी फार. बेसबॉलला स्पर्धक कमी, म्हणून दाखला लवकर. आणि दाखला मिळाला की नोकरीत खेळाडूंच्या पाच टक्क्यांत नंबर. हा विचार वडसंगीतल्या प्रत्येक आईला पटला. पोरं म्हणायची ती, नाहीतर त्यातला एक दूध घालायचा, एक ट्रॅक्टर चालवायचा आणि एकाला दोन लेकरं होती. पण ती खेळू लागली आणि जिंकू लागली. तेव्हा सर्वसाधारण सभेत एका सदस्याने टेबलावर मूठ आपटली. “लातूरला शिकवण्या हायत. अर्धापूरला केळी हाय. मुदखेडला जंक्शन हाय. वडसंगीला काय हाय?” काही नव्हतं. मग ठराव झाला : हा संघ नगरपरिषदेचा, खर्च नगरपरिषदेचा. टाळ्या वाजल्या आणि कागद जिना उतरून लेखा विभागात आला. ठराव माडीवर होतात. पैसे तळमजल्यावर शोधावे लागतात.

रेणुकादासांनी अंदाजपत्रक उघडलं. ‘क्रीडा’ या शीर्षाखाली पाच हजार होते, ते जत्रेच्या कुस्त्यांत फेटे-नारळांवर गेले होते. ‘अग्निशमन’ला हात लावायचा नाही, आग लागते. ‘पाणीपुरवठा’ला हात लावावा, तर त्याला आधीच सगळ्यांचे हात लागलेले. पान उलटता उलटता त्यांचं बोट एका ओळीवर थांबलं. ‘कोंडवाडा : नव्वद हजार.’ ही रक्कम दर वर्षी मंजूर व्हायची आणि दर वर्षी परत जायची. गावात मोकाट जनावरं नव्हती असं नाही; पण त्यांची सोय बसस्थानकात चांगली होती, कोंडवाड्यात जायला ती राजी नव्हती. आणि कोंडवाडा कसा? निजामाच्या काळातला, दीड एकराचा, सपाट, पुरुषभर उंच दगडी भिंतीचा. चेंडू बाहेर जायची चिंता नाही. मन्मथ सर तिथेच सराव घेत होते.

“जागा कोंडवाड्याची, म्हणजे खर्च कोंडवाड्याचा,” रेणुकादास म्हणाले.

आता या माणसाची थोरवी बघा. खोटं अक्षर म्हणून त्यांनी कागदावर उतरवलं नाही. बॅटी आल्या, त्यांनी लिहिलं : ‘लाकडी दांडके, पाच.’ हातमोजे आले : ‘चामडी मोजे, धरण्यासाठी.’ फलंदाजामागे बसणाऱ्याच्या तोंडावरची जाळी आली : ‘मुसके, लोखंडी, एक.’ अर्धापूरहून केळी आणि रोजची अंडी आली : ‘खुराक.’ यात चुकीचं काय आहे दाखवा. खुराकाचा खर्च लिहायचा तर खाणारे नोंदवायला हवेत, म्हणून त्यांनी कोंडवाड्याचं नोंदणीपुस्तक काढलं आणि रकाने भरले. नग : नऊ. शिंगे : नाहीत. मालकाचे नाव : पुढे भरावे. ओळखीची खूण या रकान्यात मन्मथ सरांना विचारून एकेक लिहिलं. गुणाबाईंच्या बालाजीपुढे लिहिलं, ‘बसून पकडतो.’ आणि बसवंतापुढे लिहिलं, ‘उजव्याने फेकतो, समोर उभे राहू नये.’

बसवंता म्हणजे संघाचा चेंडूफेक्या. सीमेवरच्या एका वाडीतला, चोवीस वर्षांचा गडी. लहानपणापासून माळ्यावर उभा राहून ज्वारीची पाखरं गोफणीने राखलेली. त्यामुळे त्याला चेंडू हा दगडापेक्षा मऊच वाटायचा. त्याचा चेंडू दिसत नसे, नुसता ऐकू येई. सरावात एकदा त्याचा चेंडू भिंतीला लागला, तर भिंतीतली निजामकालीन पाल बाहेर येऊन बघून गेली. तो कोंडवाड्याच्याच खोलीत राहायचा, अंगण झाडायचा, आणि रेणुकादास दिसले की उभा राहून म्हणायचा, “काका, चांगलं लिहून राहिलात ना आमचं?”

“खरं लिहून राहिलोय,” रेणुकादास म्हणायचे. मनात मात्र त्यांना त्या गड्याचा अभिमान वाटू लागला होता. ही भावना कोणत्या शीर्षाखाली टाकावी, ते त्यांना कळत नव्हतं.

मार्च उजाडला. संघ पालिका चषकाच्या अंतिम सामन्यात पोचला. सामना महिन्याच्या शेवटच्या रविवारी, नांदेडला. समोर लातूरच्या रुद्रेशशेठांचा संघ. रुद्रेशशेठ मोठे बांधकामवाले, त्यांच्या खेळाडूंना बूट सुद्धा होते. सगळं सुरळीत चाललं होतं, आणि नेमकी तेव्हाच सगळी नोंदणीपुस्तकं संगणकावर चढवायचा हुकूम आला. ठेकेदाराच्या माणसाने कोंडवाड्याची नऊ नावंही चढवली. संगणकाने हिशेब केला : नऊ नग, दोनशे दिवस दाखल, मालक आला नाही, मुदत पंधरा दिवसांची. संगणक माणसासारखा अडून बसत नाही; त्याने ताबडतोब पुढची कारवाई केली.

सोमवारी सकाळी रेणुकादास चुरमुऱ्यांच्या सुशीलाची बशी पुढे घेऊन वर्तमानपत्र वाचत होते. त्यांच्या पत्नी राजश्रीबाईंनी लिंबू पिळायला हात पुढे केला, तर त्यांनी बशी बाजूला सारली.

“अहो, काय झालं?”

“लिलाव,” रेणुकादास म्हणाले. “गुरुवारी अकरा वाजता. आमचा.”

जाहीर सूचना होती : ‘वडसंगी नगरपरिषद कोंडवाड्यात दाखल असलेल्या व मालक न आलेल्या नऊ नगांचा जाहीर लिलाव. अटी व शर्ती कार्यालयात पाहण्यास मिळतील.’ खाली मुख्याधिकाऱ्यांची सही, तीही संगणकानेच केलेली. आणि लेखापरीक्षक मडिवाळप्पा साहेब तपासणीला येणार होते, ते याच गुरुवारी.

रेणुकादास कचेरीत धावले. मुख्याधिकारी विशाखा मॅडम वयाने लहान, पण शांत. त्यांनी संगणक उघडला. नोंद बंद करायला तीनच पर्याय होते : ‘मालकाने सोडवले’, ‘विकले’, ‘मृत’.

“चौथा नाही?”

“नाही, काका.”

मदत क्रमांकावर फोन लावला. पलीकडची मुलगी गोड आवाजात म्हणाली, “सर, ‘मृत’ करा आणि पशुवैद्यकीय अधिकाऱ्यांचा दाखला जोडा.”

“अहो बाई, त्यातल्या एकाला दोन लेकरं आहेत!”

“मग सर, पिल्लांची वेगळी नोंद करावी लागेल.”

रेणुकादासांनी फोन ठेवला. एकतीस वर्षांत प्रथमच त्यांनी चहाला नाही म्हटलं. त्यांच्या डोळ्यांपुढे आक्षेपाचा परिच्छेद टाइप होताना दिसत होता, ठळक अक्षरांत, दोन प्रतींत. पण मोठी माणसं बुडताना सुद्धा नियम वाचतात. त्यांनी कोंडवाड्याची जुनी नियमावली काढली आणि तिसऱ्या पानावर त्यांना किनारा सापडला : लिलावाच्या वेळेपर्यंत मालक येऊन दंड व खुराकाचा खर्च भरील, तर जनावर सोडून द्यावे.

“मॅडम, मालक बोलवायचे!”

दुपारपर्यंत गावभर झालं. वडसंगीचे गडी कोंडवाड्यात, आणि गुरुवारी लिलाव! आता इथे दुसरं एखादं गाव हसलं असतं. वडसंगी पेटली. “आमच्या पेठेचा गडी दुसऱ्यानं बोली लावून न्यायचा?” म्हणून पेठेने वर्गणी काढली. ते बघून माळ गल्ली उठली. स्टेशन रोडवाल्यांनी तर वाजंत्री लावून आपला ट्रॅक्टरवाला सोडवून नेला, आणि त्याच वाजंत्रीत पुन्हा सरावाला आणून घातला. ज्या गावात घरपट्टी मागायला गेलं की दारं लागतात, त्या गावाने खुराकाचे पैसे रांगेत उभं राहून भरले. रेणुकादास पावत्या फाडत होते आणि त्यांच्या चष्म्यावर का कोण जाणे वाफ धरत होती.

गुणाबाई मात्र खिडकीशी अडल्या.

“दोनशे दिसांत बाराशे केळी? माझ्या बालाजीनं?”

“सहीनिशी नोंद आहे, गुणाबाई.”

“घरी भाकर दिली तर म्हनतो भूक न्हाई! सरकारी केळं गोड लागतंय व्हय रे मेल्या?” बालाजी जाळी तोंडावर ओढून उभा होता, आयुष्यात प्रथमच तिचा खरा उपयोग झाला. “कमी करा भाऊसाब. जुना गिऱ्हाईक म्हनून.”

“नियमात नाही.”

“मग ठेवा त्याला. मी म्हैस घेते.” असं म्हणून गुणाबाईंनी लुगड्याच्या ओच्यातून नोटा काढल्या, त्या मोजल्या नाहीत आणि पोराला कान धरून नेलं. फाटकापाशी वळून म्हणाल्या, “पन भाऊसाब, पोरगं तुमी चांगलं वाढवलं. दंडं बघा कसे झालेत.”

गुरुवारी सकाळी दहापर्यंत आठ गडी सुटले. खर्चापेक्षा जमा जास्त झाली. राहिला एक. बसवंता.

त्याचा थोरला भाऊ गावाकडे ज्वारीच्या काढणीत अडकला होता. सुगीत माणूस बाप मेला तरी दुपारनंतरच येतो. मन्मथ सरांनी फोन केला तर तो म्हणाला, “सर, रविवारी रास होतीय. सोमवारी येतो सोडवायला.” सोमवारी म्हणजे सामन्याच्या दुसऱ्या दिवशी. वर्गणी कोणाचीही असो, पावतीवर मालक म्हणून सही नात्यातल्याचीच चालायची, आणि बसवंताचं नात्यातलं वडसंगीत कोणी नव्हतं. लिलाव अटळ झाला.

आणि अकराला पाच मिनिटं असताना कोंडवाड्याच्या दारात एक पांढरी लांब गाडी थांबली. रुद्रेशशेठ उतरले. वर्तमानपत्र ते बारकाईने वाचत. चषकाच्या नियमात त्यांनी हेही वाचलं होतं की मूळ संस्थेच्या शिक्क्याचा कागद असला, तर खेळाडू ऐनवेळी सुद्धा संघ बदलू शकतो. नगरपरिषदेच्या लिलावाच्या पावतीपेक्षा पक्का कागद कोणता?

मन्मथ सर बसवंताला बाजूला घेऊन म्हणाले, “तू सरळ नाही म्हण. कोण तुला नेतंय?”

बसवंता खाली बघत म्हणाला, “सर, काकानं माझं नाव वहीत लिहिलंय. दोनशे दिस खाल्लं. पावती फाटली की गडी गेला. मी न्हाई म्हनलो तर काकाची वही खोटी व्हईल.”

हे रेणुकादासांनी ऐकलं.

लिलाव पुकारायला चौथऱ्यावर शिपाई उभा राहिला. खुर्चीवर मडिवाळप्पा साहेब बसले होते. नियमाप्रमाणे लिलाव त्यांच्या देखत व्हायचा होता. उदगीरच्या पलीकडचे, कानडी मुलखातले, तोंडात सुपारी, चेहऱ्यावर काहीच नाही. समोर बसवंता, आंघोळ करून, भांग पाडून उभा. त्याच्या मागे भिंतीलगत सगळं गाव.

“एक हजार,” शेठ म्हणाले.

“पंधराशे!” मन्मथ सर.

“दोन हजार.”

“एकवीसशे...” सरांनी दोन्ही खिसे उलटे केले. महिनाअखेर होती. “एकवीसशे चाळीस.”

“तीन हजार,” शेठ म्हणाले आणि मोबाइल बघू लागले.

“तीन हजार एक वार... तीन हजार दोन वार...”

“तीन हजार एक,” कोणी तरी म्हणालं.

सगळ्यांनी वळून बघितलं. रेणुकादासांचा हात वर होता. तो हात त्यांनाही ओळखीचा वाटत नव्हता. नगरपरिषदेच्या लिलावात नगरपरिषदेच्या नोकराने बोली लावायची नाही, हा नियम गेली एकतीस वर्षं त्यांनीच सगळ्यांना शिकवला होता. राजश्रीबाई भिंतीशी उभ्या होत्या. त्यांनी पदर तोंडाला लावला, पण हात खाली घ्या असं काही म्हणाल्या नाहीत.

मडिवाळप्पांनी सुपारी एका गालातून दुसऱ्या गालात नेली. “कंधारकर, काय करायलायत, कळतंय?”

“कळतंय साहेब.”

“वर्तणूक नियम?”

“पाठ आहेत साहेब.”

“पंचवीस हजार,” शेठ कंटाळून म्हणाले. रेणुकादासांचा हात खाली आला. पंचवीस हजार त्यांच्याकडे त्या दिवशी नव्हते. गावाच्या खिशातलं होतं नव्हतं ते आठ गड्यांवर गेलं होतं. तिसरा पुकारा झाला. गुणाबाईंनी शेठच्या सात पिढ्यांची चौकशी सुरू केली.

“आयतु,” म्हणजे झालं, असं म्हणून मडिवाळप्पांनी अटींचा कागद डोळ्यांशी धरला. “घेणाऱ्यानं दावं सोबत आणलं पायजे. आणलंय?”

ड्रायव्हरने गाडी ओढायचा दोर काढून दाखवला. बसवंताने त्याच्याकडे बघितलं आणि नम्रपणे म्हणाला, “असाच येतो की.”

“अट सहा. घेणारा शेतकरी असला पायजे. सातबाऱ्याची साक्षांकित प्रत दाखवा.”

जनावरांच्या बाजारात गेलेल्या कोणालाही ही अट ठाऊक असते. रुद्रेशशेठ जनावरांच्या बाजारात कधी गेले नव्हते. “अहो, लातूरजवळ चाळीस एकर आहे माझं!”

“असंल. कागद?”

“आत्ता मोबाइलवर मागवतो.”

“मोबाइलवर शिक्का उठतो का?” मडिवाळप्पा म्हणाले. “तुमची बोली बाद. दुसरी बोली कुणाची?”

कोंडवाड्यात इतकी शांतता झाली, की बसस्थानकातल्या गायी रवंथ करताना ऐकू आल्या. रेणुकादासांनी पिशवीत हात घातला. न बघता. एकतीस वर्षांची सवय. अकरा गुंठे, पीक : पड, मुख्याध्यापकांची सही, गोल शिक्का, तारीख याच जानेवारीची.

मडिवाळप्पांनी कागद उन्हात धरला, उलटा केला, सुलटा केला. इतका निर्दोष कागद त्यांनी सगळ्या नोकरीत पाहिला नसावा. मग त्यांनी टोपण काढून तिथल्या तिथे लिहिलं आणि मोठ्याने वाचलं, “लिलाव वैध. लेखापाल अवैध. आक्षेप क्रमांक एक.”

गावाने बसवंताला उचललं. बसवंताने रेणुकादासांना उचललं. चष्मा, पिशवी, सातबारा, सगळं हवेत. खाली मडिवाळप्पा एकटेच खुर्चीवर बसून खुराकाच्या पावत्या तपासत होते, आणि पुढच्या ओळीत लिहीत होते की कोंडवाडा हा या नगरपरिषदेचा नफ्यात चालणारा एकमेव विभाग आहे.

रविवारचं काय सांगावं? नांदेडच्या मैदानावर ऊन असं होतं, की चुन्याच्या रेघा वाकत होत्या. बसवंता चेंडू टाकायचा. रुद्रेशशेठचे गडी बॅट फिरवायचे ते चेंडू बालाजीच्या मोज्यात जाऊन गार झाल्यावर. एकाने तर पंचांना विचारलं, “टाकला का?” शेवटच्या डावात शेठच्या एका धिप्पाड गड्याच्या बॅटीला चेंडू लागला खरा, पण बॅटीचेच दोन तुकडे झाले, चेंडू सरपटत बसवंताच्याच पायाशी आला, आणि वडसंगी जिंकली. प्रेक्षकांत पहिल्या रांगेत टोपी घातलेले एक गृहस्थ कानडीतून ओरडत होते. ते मडिवाळप्पा नव्हते, असं मडिवाळप्पांचं म्हणणं आहे.

दुसऱ्या दिवशी रेणुकादास नारळ आणि शाल घेऊन निवृत्त झाले. निवृत्तिवेतन आक्षेपापायी अडकलं. संध्याकाळी ते बसवंताबरोबर अकरा गुंठे बघायला गेले. धोंडे उचलून फेकायचा सराव चांगला होतो, असं बसवंताचं मत पडलं.

मेमध्ये लेखापरीक्षण कार्यालयाचं पत्र आलं. विशाखा मॅडम स्वतः घेऊन घरी आल्या. ‘सदर कृती संस्थेच्या हितासाठी झाल्याचे दिसून येत असल्याने आक्षेप क्रमांक एक वगळण्याचा विचार आहे. आपले म्हणणे सादर करावे.’

“काका, सुटलात! एक ओळ लिहून द्या. आत्ता देते पाठवून.”

गुणाबाई कुंपणावरून म्हणाल्या, “लिहा भाऊसाब, लवकर लिहा. पुन्हा निरंक व्हाल.”

रेणुकादासांनी चष्मा पुसला, कागद घेतला आणि मोत्यासारख्या अक्षरात लिहिलं : ‘सदर आक्षेप वस्तुस्थितीस धरून आहे. तो कायम ठेवण्यात यावा, ही नम्र विनंती. दंड भरण्यास तयार आहे.’

मॅडमनी तो वाचला. पुन्हा वाचला. मग दोन्ही हातांनी त्याची घडी घातली.

आक्षेप कायम राहिला. त्याची साक्षांकित प्रत आज रेणुकादासांच्या बैठकीत, गणपतीशेजारी, त्याच जुन्या फ्रेममध्ये आहे. ‘निरंक’चा कागदही टाकलेला नाही. तो मागे पुठ्ठ्याच्या जागी घातलाय. तिथे तो चांगला बसला.